ही कुणाच्या चुलीची?

पालमकडे कसं जायचं, हे मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. मागे एकदा तिकडच्या चंपाषष्ठीच्या भरीत-भाकरीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून हा ससेमिरा मागे लागलाय. म्हणून आज तो प्रवास सविस्तर लिहून टाकतो. प्रवास जुना आहे, नामांतराच्या चळवळीच्या दिवसांतला. तेव्हाची छोटी रेल्वेलाईन आता मोठी झाली, रस्तेही बदलले. पण ज्या कामासाठी मी गेलो होतो ते काम तिथं आजही तसंच चालतं, त्यामुळे माहिती अगदीच शिळी नाही.

जायचं ठरलं ते आईमुळे. आमचं मूळ गाव पालमच्या पुढं. वडिलांना पुण्यात कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडलं, पण आईने चंपाषष्ठी सोडली नाही. वडील गेल्यानंतरही दर वर्षी ती एकटी गावी जायची. त्या दिवशी खंडोबाच्या देवळापुढं सगळा गाव एकत्र जेवतो. वांग्याचं भरीत गावाच्या कढईत होतं, भाकरी मात्र घराघरातून येते. प्रत्येक घरची भाकरी आली की एक म्हातारी ती वर धरून विचारते, "ही कुणाच्या चुलीची?" आणि त्या घरच्या बाईचं नाव पुकारलं जातं. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही. चूल जिची, नाव तिचं. याला गावात 'चुलीची हाक' म्हणतात. लागोपाठ तीन वर्षं हाक गेली नाही, तर ती चूल विझली असं धरतात आणि पुढं कुणी वाट बघत नाही.

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि दोन वर्षं हाक चुकली. हे तिसरं वर्ष होतं. डॉक्टरांनी एसटीचं नावही काढायचं नाही असं बजावलं होतं. मार्गशीर्ष जवळ आला तशी आई गप्प गप्प होत गेली. मी एकदा वैतागून विचारलं, "आई, तुला इथं काय कमी आहे?"

"कमी काई न्हाई रे," ती म्हणाली. "गॅस हाय, मिक्सर हाय, सून गुणाची हाय. पण मी कोण हाय, ते मला त्या दिशी ऐकू येतं."

मी तेव्हा पस्तिशीत होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. पाण्याच्या पंपांची एजन्सी, भर पेठेत दुकान, स्कूटर जाऊन दारात मोटार आलेली, आणि विक्रीत पहिला आल्याबद्दल कंपनीने दिलेल्या ढाली दिवाणखान्यात ओळीने. अशा माणसाला अवघड काय असणार? "तू निर्धास्त राहा," मी म्हणालो, "मी जातो आणि तुझं नाव तिथं कायमचं करून येतो." आई काहीतरी सांगायला लागली होती, पण ऐकायला थांबतो कोण? मी तडक संगमरवराच्या कारागिराकडे. देवळापुढच्या मंडपाला फरशी करून द्यायची आणि भिंतीत पाटी बसवायची, असा माझा बेत. पाटीवर आईचं नाव बारीक अक्षरांत आणि खाली माझं, सुधाकर हे, ठळक. आईचं नाव मोठं करू का, असं कारागिराने विचारलं होतं. मी म्हणालो, जागा पुरायची नाही.

पाटी गोणपाटात बांधून घरी आणली तेव्हा माझी बायको निर्मला म्हणाली, "अहो, हा धोंडा तुम्ही आगगाडीतून नेणार? जड नाही का होणार?"

"नावाला वजन नको का?" मी म्हणालो. ती शाळेत शिकवायची, मुलांच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून ती येणार नव्हती. निघताना आईने माझ्या पिशवीत बाजरीच्या पिठाची पुरचुंडी ठेवली. काकीसाठी असेल, असं समजून मी विचारलंही नाही.

तर आता प्रवास. पुण्याहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून छोट्या लाईनीवरची पॅसेंजर. आता हा सगळा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. पण ती गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी काहीतरी गमावलंय, एवढं सांगतो. वाटेत शेतातला माणूस हात करायचा आणि आपण उलटा हात करेपर्यंत तो दिसत राहायचा. थंडी मात्र मजबूत. मार्गशीर्षात जाणार असाल तर स्वेटर घ्याच, आणि कानटोपीची लाज बाळगू नका.

समोरच्या बाकावर पिंगळीचे एक शेतकरी होते. पिंगळी म्हणजे परभणीच्या पुढचं स्टेशन. त्यांनी गप्पा सुरू केल्या तसं मी सवयीने त्यांना माझं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि टोपीच्या घडीत खोचलं.

"ते झालं. पन तुमी कुनाचे?"

मी दुकानाचं नाव सांगितलं.

"आवं, दुकान न्हाई इचारलं. कुनाचे म्हनलं."

मी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. "न्हाई वळखलं," ते म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून शेंगांचा पुडा पुढं केला. "आसू द्या. वळख निघंल."

मला ते जरा लागलंच. महाराष्ट्रभर लोक मला नावाने ओळखतात, असा माझा समज होता.

परभणीला उतरून एसटी स्टँड गाठला. आदल्या दिवशी बंद होता, गाड्या धावल्या नव्हत्या, त्यामुळे दोन दिवसांची गर्दी एकदम उसळलेली. स्टँडच्या भिंतीवर नामांतर झालेच पाहिजे आणि त्याच्याच शेजारी नामांतर होऊ देणार नाही, अशा दोन्ही घोषणा रंगवलेल्या. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी. ते भांडण माणसांच्या मानाचं होतं. माझ्या गोणपाटात होती ती नुसती हौस, हे आज लिहिताना कळतं. तेव्हा मला फक्त जागा हवी होती.

"पोत्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"संगमरवर."

"मंग त्याला बसवा. तुमी उभं ऱ्हावा."

आणि खरंच, गंगाखेडपर्यंत पाटी बाकाखाली ऐसपैस आडवी आणि मी एका पायावर. गोदावरीच्या पुलावर सगळ्या बसने हात जोडले, मला हात सोडता येईना म्हणून मी नुसती मान लववली. गंगाखेडच्या स्टँडवर गरम भजी आणि कडक चहा मिळाला, तो चुकवू नका. तिथून पालमपर्यंत रस्ता असा होता की पोटातली भजी पुन्हा एकदा तळून निघाली. दोन्ही बाजूंना काळी रानं, कुठं कापसाची वेचणी, कुठं पोटरीला आलेली ज्वारी. मध्येच मेंढ्यांचा भलामोठा कळप रस्त्यात आला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, विडी पेटवली आणि सगळ्या मेंढ्या पार होईपर्यंत एका शब्दाने कुरकुर केली नाही. मी घड्याळ बघत होतो. माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

पालमहून गावाकडे जाणारी एक बैलगाडी मिळाली आणि दिवस कलायच्या आत मी काकीच्या अंगणात होतो. रुक्मिणकाकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, आईची जाऊ. तिने माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पहिलाच प्रश्न केला, "अनसूयाबाई कशी हाय? हिंडती का घरातल्या घरात?" अनसूया म्हणजे माझी आई. मग म्हणाली, "यंदा तिसरं साल. मी रोज म्हनायले, कुनी येतंय का न्हाई."

"आलोय ना मी. कायमचा बंदोबस्त करायला आलोय," मी म्हणालो आणि पाटी घेऊन देवळाकडे निघालो.

देवळापुढं उद्याची तयारी चालली होती. कुणी वांगी निवडत होतं, कुणी कांद्याची पात धूत होतं. मी गोणपाट सोडलं. संगमरवर उन्हात झळकला. माणसं भोवती जमली, एकाने अक्षरांवरून बोट फिरवलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पाटी कुठल्या भिंतीत बसवायची, ते मी विचारलं. तेव्हा सोजरबाई पुढं आली. धनगरवाड्यावरची ही म्हातारी, वयाने गावात सगळ्यांत वडील. भाकरी वर धरून हाक द्यायचा मान तिचा.

"लय झकास हाय," ती म्हणाली. "पन बाबा, आमी नाव लावत न्हाई. घेतो."

मी तिला समजावलं. पाटी राहील, शंभर वर्षं राहील, दर वर्षी कुणाला यायचीही गरज नाही.

"तेच तर. यायची गरज न्हाई मंग नाव कशाला?" तिने पाटीकडे बोट केलं. एका पोराने तिला वाचून दाखवली होती. "आन हे खाली जाड कुनाचं? तुजं? तू चूल पेटवतूस व्हय?"

वांगी निवडणाऱ्या बाया खो खो हसल्या. मीही हसलो, पण कान तापले होते. नको म्हणणारं गिऱ्हाईक मी कधी सोडत नसे. मंडपाला फरशी, वर पत्रे, पाण्याला पंप, जे जे सुचलं ते सगळं पुढं केलं. माणसं शांतपणे ऐकत राहिली. फरशी देतोस तर दे, बिननावाची दे, पण हाकेला भाकरी लागते, एवढंच त्यांचं म्हणणं. एवढा मोठा बेत एका भाकरीपुढं आडवा झाला आणि पाटी डोक्यावर घेऊन मी परत आलो. खोटं कशाला बोलू, फार अपमान वाटला. त्याहून जास्त भीती वाटली. आईला काय सांगायचं?

काकीला म्हणालो, "तू थाप ना आईच्या नावाची एक."

"तसं चालत न्हाई. हात त्याच घरचा लागतो, चूल ह्याच शिवारातली, आन भाकर सबंध. मोडकी घेत न्हाईत." मग तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. "हे काय?"

"आईने तुझ्यासाठी पीठ दिलंय बाजरीचं."

काकीने पुरचुंडी हातात घेऊन बघितली आणि ती हसायला लागली. "मला? माज्या घरात बाजरीची कनगी भरलीया. येड्या, हे तुला दिलंय."

मी त्या पिठाकडे बघत राहिलो. आई मला जे सांगायला लागली होती ते हेच. मी ऐकलं नाही, म्हणून तिने ते पिशवीत घातलं. मी थापू शकेन, हे तिने आधीच धरून टाकलं होतं. माझ्या ढाली बघून तिने कधी असा विश्वास दाखवल्याचं मला आठवत नाही.

"पण काकी, पुरुषाच्या हातची चालेल?"

"आजपोतर कुनी इचारलं न्हाई. चूल इचारती का, बाई हाय का गडी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीन दगड मांडून मी चूल पेटवली. काकीची काठवट तिच्याच भाकऱ्यांना गुंतलेली. मी थापू कशावर? तिने इकडंतिकडं बघितलं. "ती तुजी फरशी आन. पालथी घाल."

अशा रीतीने माझं ठळक अक्षरांतलं नाव मातीत तोंड खुपसून पडलं आणि त्याच्या पाठीवर मी पीठ मळायला बसलो.

ज्यांनी बाजरीची भाकरी थापलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीची एकवेळ ऐकते, बाजरी ऐकत नाही. पाणी चांगलं कढत लागतं, तळहाताने रगडून रगडून मळावं लागतं, आणि थापताना हात असा फिरावा लागतो की भाकरी आपली आपणच गोल फिरली पाहिजे. माझी पहिली भाकरी उचलतानाच दुभंगली. दुसरी तव्यावर पडली ती चार तुकड्यांत. पंप नको असलेल्या माणसाला मी दोन पंप विकलेले आहेत, पण पिठाशी गोड बोलून काही उपयोग होत नाही. काकी मदतीला हात लावायची नाही. स्वतःचे हात तिने पदराखाली घट्ट धरून ठेवले होते, तरी खांदे मात्र थापल्यासारखे हलत होते.

"थापायलास का मारायलास? सावकास. कुनाला दाखवायचं न्हाई तुला."

तिसरीला कड आली, मी खूश झालो, पाणी फिरवलं आणि उलटताना ती चुलीत गेली. पुरचुंडीत आता एका भाकरीपुरतं पीठ उरलं होतं. देवळाकडून हलगी ऐकू यायला लागली. शेजारच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या, जाता जाता माझ्या चुलीपाशी थांबत होत्या आणि एकीनेही चेष्टा केली नाही. त्याचंच मला जास्त दडपण आलं.

शेवटचा गोळा हातात घेतला तेव्हा मला एकदम आईचे हात दिसले. पुण्याच्या चाळीत, स्टोव्हपुढं, अंगठा जरा बाहेर काढून थापणारे. मी तसा अंगठा काढला. घाई सोडली. भाकरी हळूहळू सरकायला लागली, मग फिरायला लागली. जाड राहिली तर राहू दे म्हटलं, आणि दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकली. मोडली नाही. पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली. एका बाजूने करपली, एका बाजूला तिला चक्क कोपरा होता, पण ती सबंध होती. काकीने पदर सोडून फडकं पुढं केलं.

देवळापुढं पऱ्हाट्यांच्या जाळात भाजलेल्या वांग्यांचा आणि करडईच्या तेलातल्या लसणाचा वास कोंदला होता. तळी उचलली, येळकोट झाला, भंडाऱ्याने सगळी पिवळी झाली आणि हाका सुरू झाल्या. सोजरबाई एकेक भाकरी वर धरायची. "ही कुनाच्या चुलीची?" "गयाबाईच्या चुलीची!" आणि मग सगळा गाव एका आवाजात तेच नाव घ्यायचा. चोपन्न एकर रानाची मालकीण असो की मेंढ्यांमागे हिंडणारी, आवाज तेवढाच. वेशीपलीकडच्या वस्तीतल्या चुलींची हाक मात्र तेव्हा होत नसे. आता होते, असं काकीचा नातू फोनवर सांगतो. हे लिहिल्याशिवाय वर्णन खरं होणार नाही.

माझी भाकरी वर गेली. कुणीतरी खुसखुसलं, कारण दुरूनही तो कोपरा दिसत होता. सोजरबाईने भाकरी निरखून बघितली, बोटाने वाजवून बघितली आणि विचारलं, "ही कुनाच्या चुलीची?"

मोठमोठ्या सभांत भाषणं ठोकलेला मी, पण तिथं कसाबसा दोनच शब्द म्हणालो, "अनसूयाच्या चुलीची."

"अनसूयाच्या चुलीची!" सगळा गाव ओरडला.

मी रडलो. धुराने नाही. आईचं नाव इतक्या तोंडांतून एकदम आलेलं मी आयुष्यात प्रथम ऐकत होतो, आणि ते माझ्या हातून झालं होतं.

पंगतीत माझ्या हातात भरिताची बादली दिली. वाढता वाढता जो तो विचारत होता: "अनसूयाचा ना तू? कशी हाय ती?" हाताला भाजलं का, असंही एकीने विचारलं. संध्याकाळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करतो, हे दिवसभरात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खिशातली कार्डं तशीच होती. कुणाला काही विकायचं नाही, पटवायचं नाही, तरीही मी तिथं कुणीतरी होतो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

जेवणानंतर उरलेल्या भाकऱ्या वाटतात. ज्याने त्याने दुसऱ्या चुलीची एक घरी न्यायची असते. मला कुणाची आली कोण जाणे, कागदासारखी पातळ आणि चंद्रासारखी गोल. जाणार असाल तर पालमला उतरून चुलीची हाक कुठं असते, एवढं विचारा, कुणीही गाडीत बसवून देईल. राहायला लॉज नाही, पण उपाशी किंवा उघड्यावर राहाल अशी भीती नको. आणि काही न्यायचं असेल तर पीठ न्या.

मंडपाला फरशी मी पुढच्या वर्षी दिली, बिननावाची. त्यानंतर आई होती तोवर दर वर्षी गेलो. माझी भाकरी हळूहळू गोल झाली. धंदाही सोडला नाही, उलट वाढवला. पैसा मला आवडतो, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पण तो माझी किंमत सांगतो, हे माझ्या डोक्यातून जे गेलं ते गेलंच. पुढं एकदा एजन्सी हातची गेली, वाईट दिवस आले, तेव्हा ढाली काही बोलल्या नाहीत. मी मात्र घाबरलो नव्हतो.

तर त्या वेळी घरी पोचलो तेव्हा आई दाराकडे डोळे लावून खुर्चीत बसली होती. "पाटी कुठं बसवली?" निर्मलाने विचारलं.

"काकीच्या अंगणात. पालथी. ती आता त्यावर भाकऱ्या थापणार आहे."

निर्मला हसत सुटली. आई हसली नाही. "हाक?" एवढंच तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. सोजरबाईने बोटाने वाजवून बघितलं तेही, आणि गाव कसा ओरडला तेही. ते तिने मला पुन्हा म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. मग आणलेली भाकरी कपाळाला लावली आणि म्हणाली, "आता माज्यापुढं थाप. बघू."

मी हातपाय धुऊन ओट्याशी उभा राहिलो. घरात बाजरीचं पीठ होतं. गॅसवर तवा तापला. दोन मोडल्या, तिसरी निघाली, तोच कोपरा घेऊन. ती ताटलीत घालून मी आईच्या हातात दिली. तिने ती गरम गरम भाकरी दोन्ही हातांनी उचलली आणि खुर्चीतल्या खुर्चीत शक्य तेवढी वर धरली.

"ही कुनाच्या चुलीची?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "अनसूयाच्या."

"न्हाई," आई म्हणाली, आणि शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात तिने हाक दिली, "सुधाकरच्या चुलीची!"